अफगाण स्त्रिया आणि तहाची बोलणी : त्या चौघींनी काय साधले?

मृण्मयी_अ

१२ सप्टेंबर २०२० या दिवशी कतारची राजधानी दोह्यात अफगाण सरकारचे आणि तालिबानचे प्रतिनिधी औपचारिक बोलण्यांसाठी पहिल्यांदा समोरासमोर आले. त्या उद्घाटनाचे चित्रीकरण गेल्या आठवड्यात मी पुन्हा पाहिले आणि तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

सरकारच्या एकवीस जणांच्या शिष्टमंडळात चार स्त्रिया होत्या : फौजिया कूफी, हबीबा सराबी, फातिमा गैलानी आणि शरीफा झुरमती. समोरच्या बाजूला एकही स्त्री नव्हती. कूफी यांच्या हाताला प्लास्टर होते, कारण चारच आठवड्यांपूर्वी, १४ ऑगस्टला, काबूलजवळ त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. सराबी या बामियानच्या माजी राज्यपाल आणि देशातील पहिल्या स्त्री राज्यपाल. गैलानी यांनी अफगाण रेड क्रेसेंटचा कारभार दीर्घकाळ सांभाळला होता. झुरमती मूळच्या पक्तियाच्या पत्रकार, पुढे खासदार आणि निवडणूक आयुक्त झाल्या. या चौघींपैकी कोणीही केवळ संख्या भरण्यासाठी आणलेली नव्हती.

अकरा महिन्यांनी, १५ ऑगस्ट २०२१ला, काबूल तालिबानच्या हाती गेले आणि ती बोलणी तिथेच संपली. आता मागे वळून पाहताना अनेक जण म्हणतात की या स्त्रियांचा सहभाग केवळ शोभेचा होता. मला ते पटत नाही. परंतु ‘मग त्यांनी नेमके काय साधले?’ असे कोणी विचारले, तर मलाही चटकन उत्तर देता येत नाही. ज्यांनी या विषयाचे वाचन केले आहे किंवा ज्यांचा त्या देशाशी प्रत्यक्ष संबंध आला आहे, त्यांनी अवश्य लिहावे. एकच विनंती आहे : बुरख्याच्या वादात हा धागा अडकू देऊ नये.

गोदाकाठ

चांगला विषय, मृण्मयी. उत्तराकडे येण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल, कारण २०२० हा या गोष्टीचा आरंभ नव्हे.

अफगाणिस्तानच्या १९६४च्या राज्यघटनेने स्त्रियांना मतदानाचा हक्क दिला आणि १९६५च्या निवडणुकीत स्त्रिया संसदेत निवडून गेल्या. तेव्हा स्त्रियांना सार्वजनिक जीवनात अमेरिकेने आणले, हा समज प्रथम बाजूला ठेवू या. त्यानंतरच्या युद्धाच्या दोन दशकांत मात्र जे जे तह झाले ते शस्त्रे बाळगणाऱ्या गटांत झाले आणि त्यांत स्त्रियांना विचारण्याचा प्रश्नच कोणाला पडला नाही.

तालिबानची पहिली राजवट कोसळल्यावर, २००१च्या डिसेंबरमध्ये, जर्मनीतील बॉन येथे नव्या राजवटीची मांडणी ठरत होती. तिथे सीमा वली, अमीना अफजली यांच्यासारख्या मोजक्याच स्त्रिया होत्या. त्याच दिवसांत, ४ आणि ५ डिसेंबरला, ब्रुसेल्समध्ये सुमारे चाळीस अफगाण स्त्रियांनी वेगळी परिषद भरवली आणि आपल्या मागण्यांचा जाहीरनामा काढला. मला ही जोडी फार बोलकी वाटते. सत्तेची वाटणी एका शहरात चालू होती आणि स्त्रियांचे म्हणणे दुसऱ्या शहरात मांडले जात होते. पुढची वीस वर्षे थोड्याफार फरकाने हेच चालले.

तरीही त्या स्त्रियांनी मिळालेली प्रत्येक फट रुंद केली. जून २००२च्या लोया जिरग्यात, म्हणजे देशभरच्या प्रतिनिधींच्या महासभेत, मसूदा जलाल अंतरिम सरकारचे प्रमुख हमीद करझाई यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांना १७१ मते पडली आणि करझाई यांना १२९५. हार मोठी होती, परंतु राष्ट्रप्रमुखपदासाठी एक बाई उभी राहिली आणि १७१ जणांनी तिला मत दिले, तेही तालिबानची राजवट जाऊन सात महिने होतात न होतात तोच. डिसेंबर २००३मध्ये घटनेच्या जिरग्यात पाचशे दोन प्रतिनिधींपैकी सुमारे शंभर स्त्रिया होत्या. तिथे पंचविशीतल्या मलालाई जोया यांनी उठून विचारले की ज्यांनी देश उद्ध्वस्त केला तेच इथे समित्यांचे प्रमुख कसे? त्यांचा ध्वनिक्षेपक बंद करण्यात आला. मात्र त्याच जिरग्यातून कलम २२ आले, ज्याने स्त्री आणि पुरुष यांना कायद्यापुढे समान हक्क आणि समान कर्तव्ये दिली.

वैनतेय

गोदाकाठ यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु मूळ प्रश्नाला मी वेगळे उत्तर देईन. त्या चौघींविषयी मला पूर्ण आदर आहे, पण त्यांनी काहीही साधले नाही, कारण साधण्यासारखे काही त्यांच्यापुढे ठेवलेलेच नव्हते.

लग्नात देणेघेणे, तारीख, कार्यालय सगळे ठरून गेल्यावर एखाद्या काकूंचे नाव पत्रिकेत निमंत्रक म्हणून छापतात, तसा हा प्रकार होता. खरा करार अमेरिका आणि तालिबान यांच्यात २९ फेब्रुवारी २०२०ला झाला. त्यावर अमेरिकेचे दूत झल्मय खलीलझाद आणि तालिबानचे नेते मुल्ला बरादर यांनी सह्या केल्या. चौदा महिन्यांत परदेशी फौजा माघारी जाणार, पाच हजारांपर्यंत तालिबानी कैदी सुटणार आणि बदल्यात अमेरिकेवर हल्ल्यासाठी त्या भूमीचा वापर होऊ दिला जाणार नाही, हे त्यात ठरले. अफगाण सरकार या करारात पक्षकारच नव्हते आणि त्याच्या मजकुरात स्त्रियांविषयी एक शब्दही नाही. फौजांच्या माघारीची मुदत तालिबानच्या पदरात पडल्यावर त्यांना दोह्यात कोणापुढेही नमते घेण्याची गरज उरली नव्हती. समोर चार स्त्रिया बसल्या काय किंवा चाळीस बसल्या काय, निकालात काय फरक पडणार होता?

सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या बोलण्यांत केवळ कामकाजाचे नियम ठरायला २ डिसेंबर उजाडला, यावरूनच तालिबानला घाई नव्हती हे दिसते.

मृण्मयी_अ

वैनतेय, आपला मुद्दा मान्य आहे, परंतु त्यातून निघणारा दोष त्या चौघींकडे जात नाही. तो फेब्रुवारीत सह्या करणाऱ्यांकडे जातो. ‘सहभाग शोभेचा होता’ आणि ‘सहभाग उशिरा दिला गेला’ ही दोन वाक्ये एक नव्हेत.

वैनतेय

ते मी मान्य करतो. ‘उशिरा दिला गेला’ हे अधिक नेमके आहे.

शिशिर७१

मी २०१४-१५मध्ये काबूलमध्ये होतो. भारताने बांधून दिलेल्या संसद भवनाचे काम दारुल अमान मार्गावर चालू होते आणि मी त्यातील एका कामाच्या देखरेखीसाठी गेलो होतो. २५ डिसेंबर २०१५ला त्या वास्तूचे उद्घाटन झाले, तेव्हा मी परत आलो होतो.

कनिष्ठ सभागृहात २४९ जागा होत्या आणि त्यांपैकी किमान ६८ स्त्रियांसाठी असाव्यात अशी घटनेत तरतूद होती. हे आकडे मला आजही पाठ आहेत, कारण आमच्या कचेरीत हिशेब पाहणारी एक मुलगी ते वारंवार सांगत असे. तिचे वडील गझनीकडचे होते आणि युद्धात गेले होते. ती रोज वेगळ्या रस्त्याने कामावर येई आणि आपण परदेशी लोकांकडे काम करतो हे तिने शेजाऱ्यांना सांगितलेले नव्हते. एकदा मी तिला विचारले की तालिबानशी बोलणी व्हावीत असे तुला वाटते का? माझी अपेक्षा होती की ती नाही म्हणेल. ती म्हणाली, “व्हायलाच हवीत. पण ज्यांच्या घरातला माणूस मेला आहे, त्यांना त्या खोलीत बसवा. माणसे मारणाऱ्यांनी आपापसांत तह केला तर ते फक्त एकमेकांना माफ करतात.”

हे शब्द दारी या तिच्या भाषेतून तोडक्यामोडक्या हिंदीत आले होते आणि मी ते माझ्या मराठीत लिहितो आहे, पण आशय हाच होता. वाटाघाटींवरचे पुष्कळ लेख मी नंतर वाचले. या वाक्याइतके स्पष्ट मला कुठे सापडले नाही. २०२१नंतर तिच्याशी संपर्क राहिला नाही.

केतकी_पुणे

शिशिरदादा, वाचून गलबलून आले.

रानवारा

मला एक अवघड प्रश्न विचारायचा आहे आणि तो कोणाला दुखावण्यासाठी नाही. कूफी, गैलानी, सराबी या शिकलेल्या आणि मोठ्या घराण्यांतल्या किंवा शहरी वर्तुळातल्या स्त्रिया होत्या. गैलानी तर पीर सय्यद अहमद गैलानी या मोठ्या धार्मिक नेत्यांच्या कन्या. हेल्मंदमधल्या संगीनच्या खोऱ्यातील एखाद्या बाईचे म्हणणे त्या मांडू शकत होत्या का? तिथल्या बायकांनी वीस वर्षे रात्रीचे छापे, विमानातून होणारा बाँबवर्षाव आणि रस्त्यात पेरलेले सुरुंग हेच पाहिले. त्यांच्या दृष्टीने शाळेचा हक्क आणि संसदेतल्या जागा दूरच्या गोष्टी होत्या. आधी गोळ्या थांबाव्यात एवढेच त्यांना हवे होते. शहरातल्या बायकांचे हक्क टिकावेत म्हणून खेड्यातल्या बायकांनी युद्ध सोसत राहावे, असा सूर काबूलमधून निघत असे, अशी तक्रार मी अनेकदा वाचली आहे. या तक्रारीत काहीच तथ्य नाही असे आपल्याला म्हणता येईल का?

हॅम्बुर्गकर

रानवारा, तक्रारीत तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. तरी त्यावरून ‘शहरी बायका एका बाजूला आणि खेड्यातल्या दुसऱ्या’ अशी फाळणी करणे मला चुकीचे वाटते. मी राहतो त्या हॅम्बुर्गमध्ये अफगाण लोकांची मोठी वस्ती आहे. इथल्या भाषावर्गात माझी ओळख मझार-ए-शरीफहून आलेल्या एका वकीलबाईंशी झाली. २०१८-१९मध्ये देशातील चौतीसही प्रांतांत स्त्रियांच्या सल्लामसलतीच्या बैठका झाल्या आणि शेवटी फेब्रुवारी २०१९मध्ये काबूलमध्ये मोठा मेळावा भरला. या बाई प्रांतातल्या बैठकांना उपस्थित होत्या. त्यांनी सांगितले की बैठकीत सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने मांडलेली मागणी शस्त्रसंधीची होती आणि ती मांडणाऱ्यांत वकील, शिक्षिका, शेतकऱ्यांच्या बायका सगळ्याच होत्या. त्याच दमात ‘आमच्या मुलींची शाळा जाऊ नये’ हेही सर्वांनी म्हटले. एकीला गोळ्या थांबायला हव्या होत्या आणि दुसरीला शाळा हवी होती, असे चित्र त्यांना तिथे दिसले नाही.

आपण हेल्मंदचा उल्लेख केला म्हणून आठवण करून देतो. मार्च २०१८मध्ये लष्करगाहमध्ये कुस्तीचा सामना पाहून बाहेर पडणाऱ्या लोकांत मोटारबाँब फुटला. त्यानंतर तिथल्या लोकांनी तंबू ठोकून धरणे धरले. हेल्मंदसारख्या प्रांतात, जिथे परक्या पुरुषापुढे बाई येत नाही असे सांगितले जाते, तिथे बायका उघड्यावर येऊन धरण्याला बसल्या आणि दोन्ही बाजूंना ‘पुरे करा’ असे म्हणाल्या. पुढे तिथलेच काही पुरुष रमजानचे उपवास धरून सुमारे सातशे किलोमीटर चालत जूनमध्ये काबूलला पोहोचले. त्या यात्रेची छायाचित्रे जगभर गेली, धरण्याला बसलेल्या बायकांची फारशी कोणाला आठवण राहिली नाही.

दुर्गयात्री

थोडे विषयांतर होईल, पण धाग्याशी संबंध आहे.

२७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे इंग्रजांच्या फौजेचा दारुण पराभव झाला. त्या फौजेत मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या, बॉम्बे ग्रेनेडियर्सही होती. आपल्या इलाख्यातले किती शिपाई त्या रणात पडले याची आठवण इथे कोणी काढत नाही. अफगाण लोकांना मात्र ती लढाई मलालाई या मुलीमुळे आठवते. निशाण धरणारा पडला तेव्हा तिने आपली ओढणी निशाणासारखी उंचावली आणि मागे सरणाऱ्यांना ललकारले, अशी कथा आहे. मलालाई जोया आणि मलाला युसूफझाई ही नावे तिथूनच आली.

मला खटकते ते हे की लढाईतल्या मलालाईला सगळे डोक्यावर घेतात. तालिबानही तिचा अपमान करत नाहीत. तीच मुलगी लढाई आटोपल्यावर तहाच्या बैठकीला येऊन बसली असती, तर तिला तिथे बसू दिले असते का? त्या कथेत तीही रणातच मरते, त्यामुळे हा प्रश्न कोणावर आला नाही.

अन्वयार्थ_नाशिक

दुर्गयात्री यांनी तहाची बैठक म्हटले म्हणून ‘बाद’ या प्रथेविषयी लिहितो, कारण ‘अफगाण परंपरेत स्त्रीला तहात स्थान नाही’ असे म्हणणे पूर्ण खरे नाही. तिला स्थान आहे. ते वस्तूचे आहे.

दोन घराण्यांत खून पडला की जिरगा, म्हणजे वडीलधाऱ्यांची पंचायत, बसतो आणि वैर मिटवण्यासाठी खुन्याच्या घरातील मुलगी दुसऱ्या घराला देण्याचा निवाडा काही ठिकाणी होतो. त्याला ‘बाद’ म्हणतात. याला आपण सोयरीक म्हणू शकत नाही. सोयरीक जुळली की दोन्हीकडे मानपान असतो, मुलीला माहेर असते, सणाला ती परत येते. बादमध्ये गेलेली मुलगी शत्रूच्या घरात त्या खुनाची आठवण म्हणून जन्मभर राहते. २००९मध्ये स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा कायदा अध्यादेशाने आला, त्यात बाद हा गुन्हा ठरवला गेला. तो कायदा आणण्यासाठी झटलेल्या स्त्रियांना माझ्या मते शांततेसाठी काम करणाऱ्यांतच गणले पाहिजे, कारण ‘वैर मिटवणे’ या शब्दाचा अर्थच त्या बदलू पाहत होत्या.

दुसरीकडे, पश्तून भागांत म्हाताऱ्या बायका डोक्यावर कुराण घेऊन दोन भांडणाऱ्या गटांच्या मध्ये जातात आणि हाणामारी थांबवतात, ही चालही जुनी आहे. त्यांना नकार देणे हा मोठा अपमान समजतात. म्हणजे तडजोड घडवण्याचा मान बाईला होता. तडजोडीच्या अटी ठरवण्याचा नव्हता.

प्राजक्ता_म

अन्वयार्थ, ‘तडजोड घडवण्याचा मान आणि अटी ठरवण्याचा अधिकार’ हा फरक फार महत्त्वाचा वाटला. तालिबानशी बोलणी करण्यासाठी सरकारने २०१०मध्ये नेमलेल्या उच्च शांतता परिषदेत सत्तर सदस्यांपैकी नऊ स्त्रिया होत्या. त्यांना प्रांतात जाऊन कुटुंबांना भेटणे, शरण आलेल्यांच्या बायकांशी बोलणे, सांत्वन करणे ही कामे मिळत, पण तालिबानशी होणाऱ्या खऱ्या संपर्कापासून त्या दूर असत. कुराण डोक्यावर घेऊन जाणाऱ्या आजींचेच काम सरकारी शिक्का मारून त्यांना दिले होते असे म्हणता येईल.

वैनतेय

प्राजक्ता, तंतोतंत. यामुळेच मी वर तसे म्हटले होते.

गोदाकाठ

वैनतेय, तरीही २०१५पासून काहीतरी हलले होते. त्या वर्षी जूनमध्ये ओस्लोत कूफी आणि शुक्रिया बरकझाई यांच्यासह अफगाण स्त्रियांची तालिबान प्रतिनिधींशी अनौपचारिक भेट झाली. फेब्रुवारी २०१९मध्ये मॉस्कोत विरोधी नेते आणि तालिबान यांची बैठक झाली, तेव्हा भोवती सगळे पुरुष असताना कूफी आणि हवा आलम नूरिस्तानी तिथे गेल्या. कूफी यांनी नंतर मुलाखतीत सांगितले की ‘आमच्या बाजूने स्त्रिया आल्या आहेत, तुम्हीही आणा’ असे त्यांनी तालिबानला सुचवले, तेव्हा काही जण हसले. त्यांच्या राजकीय हक्कांच्या प्रश्नावर उत्तर मिळाले की स्त्री पंतप्रधान होऊ शकते, राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही, आणि न्यायाधीशही होऊ शकत नाही.

हे उत्तर आज वाचले तर विषण्ण व्हायला होते, कारण ज्यांनी पंतप्रधानपदाची भाषा केली त्यांनी मुलींना सहावीपुढे शिकू दिलेले नाही. परंतु ते उत्तर जाहीर झाले ते केवळ कोणी स्त्रीने समोर बसून विचारले म्हणून. पुरुष प्रतिनिधींनी तो प्रश्न इतका थेट विचारला असता असे मला वाटत नाही. मार्च २०२१च्या मॉस्को बैठकीत सरकारच्या शिष्टमंडळात हबीबा सराबी एकट्याच स्त्री होत्या, आणि त्यांनी तिथेच विचारले की या दालनात मी एकटीच बाई का? आम्ही युद्धात भाग घेतलेला नाही, शांततेत मात्र भर घालू शकतो, असे त्या म्हणाल्या. या सराबींनी रक्तविकारशास्त्राचे पुढचे शिक्षण आपल्या भारतात घेतले होते, हे जाता जाता नोंदवते.

न्यायपथ

या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे. दोह्यात नियमांवर चर्चा चालू असताना अफगाणिस्तानात स्त्रिया निवडून मारल्या जात होत्या. १० डिसेंबर २०२०ला जलालाबादमध्ये पत्रकार मलालाई मैवंद यांची हत्या झाली. १७ जानेवारी २०२१ला काबूलमध्ये सर्वोच्च न्यायालयात काम करणाऱ्या दोन स्त्री न्यायाधीशांना गोळ्या घातल्या गेल्या. मार्चमध्ये जलालाबादच्या एका दूरचित्रवाणी केंद्रात काम करणाऱ्या तीन तरुणी मारल्या गेल्या. ज्या थरातून उद्या वाटाघाटींसाठी दहा सराबी आणि वीस कूफी निघाल्या असत्या तोच थर खुडला जात होता. शिष्टमंडळात किती स्त्रिया होत्या हे मोजताना बाहेर किती उरल्या होत्या हेही मोजावे लागेल.

रानवारा

हे खरे आहे. माझ्या आधीच्या प्रतिसादात खेडे आणि शहर यांची तुलना मी फार सरळ रेषेत केली होती, हे हॅम्बुर्गकर आणि न्यायपथ यांचे वाचून लक्षात आले. तरी माझा एक प्रश्न शिल्लक आहे. आज, २०२१नंतर, अफगाण स्त्रियांनी तालिबानशी बोलावे की बोलू नये? याबाबत त्या स्त्रियांतच एकमत नाही असे दिसते.

हॅम्बुर्गकर

एकमत नाही, आणि ते नसणे स्वाभाविक आहे. काबूलमध्येच राहिलेल्या महबूबा सिराज यांच्यासारख्या ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणत आल्या की जे सत्तेवर आहेत त्यांच्याशीच बोलावे लागेल. जानेवारी २०२२मध्ये ओस्लोला त्या तालिबानसमोर बसल्या. त्याच बैठकीत तरुण कार्यकर्त्या हुदा खामोश यांनी अटकेत असलेल्या आंदोलक मुलींची छायाचित्रे पुढे धरून त्यांना सोडा अशी मागणी केली. मी ज्या वकीलबाईंचा वर उल्लेख केला त्यांचे मत याहून कडक आहे. त्या म्हणतात की कैद करणाऱ्याशी कैद्याने केलेल्या संभाषणाला वाटाघाटी म्हणू नये.

मला कोणाची बाजू घेण्याचा अधिकार नाही. जी आत राहिली आहे तिचे गणित वेगळे असते आणि जी बाहेर पडली आहे तिचे वेगळे असते.

प्राजक्ता_म

यात संयुक्त राष्ट्रांनी केलेले मला सर्वांत अधिक टोचते. फेब्रुवारी २०२४मध्ये दोह्यातल्या बैठकीला अफगाण नागरी समाजातील स्त्रिया होत्या, तेव्हा तालिबान आले नाहीत. ३० जून आणि १ जुलैला पुढची बैठक झाली, तेव्हा तालिबान आले आणि स्त्रिया मुख्य बैठकीत नव्हत्या. त्यांची भेट दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, वेगळी घेण्यात आली. हीच ती संघटना, जिच्या सुरक्षा परिषदेने ऑक्टोबर २०००मध्ये ठराव १३२५ करून जगाला सांगितले होते की शांततेच्या प्रत्येक प्रक्रियेत स्त्रियांना स्थान द्या. गोदाकाठ यांनी वर लिहिलेली बॉन आणि ब्रुसेल्सची जोडी पुन्हा आठवली. त्या वेळी निदान शहरे वेगळी होती, या वेळी एकाच शहरात तारखा वेगळ्या केल्या.

शिशिर७१

आणि हे फार दूर घडते असे समजू नये. १० ऑक्टोबर २०२५ला तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले असताना अफगाण दूतावासातील पत्रकार परिषदेत एकाही स्त्री पत्रकाराला बोलावले गेले नाही. त्यावर देशभर टीका झाली. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्या परिषदेशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. दोन दिवसांनी पुन्हा परिषद झाली आणि तिथे स्त्री पत्रकार पुढच्या रांगेत बसल्या आणि मुलींच्या शिक्षणाविषयी त्यांनीच विचारले.

मी ते पाहताना मला आमच्या कचेरीतली ती मुलगी आठवत होती. आपल्या पत्रकारांनी आपली जागा दोन दिवसांत परत मिळवली, याचा अभिमान वाटला. तिच्या मागे असे उभे राहणारे कोणी नव्हते.

न्यायपथ

रानवारा यांच्या प्रश्नाला कायद्याच्या बाजूने एक पुरवणी जोडतो. ८ जुलै २०२५ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्ला अखुंदजादा आणि मुख्य न्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्यावर लिंगाधारित छळाच्या आरोपाखाली अटक वॉरंट काढले. ते बजावले जाण्याची शक्यता आज कमी आहे. तरी साक्षी आणि नोंदी गोळा होण्यामागे प्रामुख्याने अफगाण स्त्रियांचे श्रम आहेत. आता त्यांच्यातील पुष्कळ जणी ‘लिंगाधारित वर्णभेद’, म्हणजे स्त्रियांना केवळ स्त्री म्हणून पद्धतशीरपणे वगळणे, हा आंतरराष्ट्रीय गुन्हा म्हणून मान्य व्हावा यासाठी झटत आहेत. तहाच्या बैठकीतून बाहेर काढलेल्यांनी खटला उभा करण्याचा मार्ग धरला आहे. तडजोडीसाठी जेव्हा पुन्हा बैठक भरेल, तेव्हा या नोंदी तिथे असतील.

मृण्मयी_अ

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्याच प्रश्नाकडे परत येते.

मी विचारले होते की त्या चौघींनी काय साधले. न्यायपथ यांचा शेवटचा प्रतिसाद आणि अन्वयार्थ यांनी सांगितलेली बादची प्रथा एकत्र वाचल्यावर मला एक गोष्ट दिसली, ती मांडून पाहते. १९९६ ते २००१ या पहिल्या राजवटीपेक्षा आज निर्बंध कमी नाहीत. मुलींसाठी माध्यमिक शाळा बंद आहेत, डिसेंबर २०२२पासून विद्यापीठेही बंद आहेत, स्वयंसेवी संस्थांमधल्या नोकऱ्यांवर बंदी आहे आणि ऑगस्ट २०२४च्या कायद्याने स्त्रीचा आवाजही सार्वजनिक ठिकाणी ऐकू येऊ नये असे ठरवले आहे. पण यांपैकी एकाही गोष्टीला कोणत्याही अफगाण स्त्रीची संमती कुठल्याही कागदावर नाही. दोह्याची बोलणी जवळजवळ वर्षभर रेंगाळली आणि मोडली, मात्र त्या चौघी बसलेल्या असताना स्त्रियांचा एकही हक्क देवघेवीत सोडला गेला नाही. शस्त्रसंधीच्या बदल्यात शाळा द्या, संसदेतल्या जागा द्या, अशी बादसारखी अदलाबदल करण्याचा मोह अनेकांना होता, परदेशी मुत्सद्द्यांनाही असावा. ती झाली नाही. आज जे चालले आहे ते बळाने चालले आहे, तहाने नव्हे, आणि म्हणूनच न्यायालयात त्याला आव्हान देता येते.

वैनतेय, हे आपल्याला पुरेसे वाटेल की नाही, मला ठाऊक नाही.

वैनतेय

पुरेसे वाटत नाही, कारण ज्या मुलीची शाळा बंद आहे तिला ते पुरेसे नाही. पण ‘काहीही साधले नाही’ हे माझे विधान मी मागे घेतो. असा विचार मी केला नव्हता.

केतकी_पुणे

मी आतापर्यंत फक्त वाचत होते. पुण्यात शिकायला आलेली माझी एक अफगाण मैत्रीण आहे. ती हेरातची. २०२१नंतर तिचे घरी जाणे झालेले नाही. काल रात्री मी हा धागा तिला मराठीतून हिंदीत वाचून दाखवला, सुमारे दोन तास लागले. मैवंदच्या लढाईत मुंबईची पलटण होती हे ऐकून ती चकित झाली. शिशिरदादांच्या कचेरीतल्या मुलीचे वाक्य तिने मला दोनदा वाचायला लावले.

मृण्मयीताईंच्या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिने सांगितले की १२ सप्टेंबर २०२०ला त्यांच्या घरी सगळे दूरचित्रवाणीसमोर बसले होते आणि तिची आई, जिला वाचता येत नाही, ती पडद्यावर बोट ठेवून बायका मोजत होती. चौघी मोजून झाल्यावर आईने विचारले की यांच्यातली आपल्या हेरातची कोणती? हेरातची कोणीच नव्हती. आई म्हणाली, मग पुढच्या वेळी आपली एक पाठवायला हवी.

मैत्रीण सध्या कायद्याचे शेवटचे वर्ष करते आहे. या धाग्यातले बाद आणि २००९च्या कायद्याविषयीचे प्रतिसाद तिला हिंदीत लिहून हवे आहेत. अन्वयार्थ, आपली हरकत नसेल तर आपला मजकूर मी भाषांतर करून तिला देऊ का?

अन्वयार्थ_नाशिक

अवश्य द्या. त्या कायद्यातील बादविषयीच्या कलमाचा दारी पाठ त्यांना मिळाला तर माझे काही चुकले आहे का, तेवढे मला कळवायला सांगा.